सातवा फर्मा

बाइंडिंगच्या कारखान्यात त्या दोघींना नावं होती, पण ती हजेरीच्या वहीपुरती. बाकी सगळ्यांच्या तोंडी एक मोठी आणि एक लहानी. मोठी पन्नाशी ओलांडलेली, लहानी तिशीच्या आतली. नात्यानं कुणी कुणाची नव्हती. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना सहा वर्षं समोरासमोर बसल्या, एवढंच काय ते नातं.

छापखान्यातून मोठाले कागद यायचे, त्यांना घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा व्हायचा. असे चौदा फर्मे क्रमानं एकावर एक रचले की झालं पुस्तक; मग शिवणारे शिवायचे, खळ लावणारे खळ लावायचे. रचण्याचं, म्हणजे जुळवणीचं काम या दोघींचं. एक, तीन, पाच, सात असे फर्मे मोठीच्या हाताला. दोन, चार, सहा, आठ लहानीच्या. मोठीनं एक ठेवायचा, लहानीनं दोन. मोठीनं तीन, लहानीनं चार. चौदावा पडला की मोठी अख्खा गठ्ठा उभा धरून टेबलावर दोनदा आपटायची. ठक, ठक. कडा सारख्या झाल्या की गठ्ठा बाजूला, आणि मोठीचा हात पुन्हा पहिल्या थप्पीवर.

बोलणं फारसं नसायचंच. पहिलं वर्षभर लहानी तिला अहोजाहो करायची, मग कधी "मोठे" आणि "तू" वर आली ते दोघींनाही कळलं नाही. मोठी शिंकली की लहानी थांबायची, लहानीची बांगडी थप्पीत अडकली की मोठी थांबायची. एकीचा हात रेंगाळला की दुसरीचाही रेंगाळायचा. दुपारी डोळे मिटायला लागले की कुणीतरी एक जण जरा जोर धरायची आणि दुसरी तिच्यामागे फरफटत का होईना, जागी व्हायची. शिवणारे म्हणायचे, "या दोघींना चार हात आणि एक डोकं आहे." त्यावर मोठी म्हणायची, "तुम्हाला दोन हात आहेत, डोक्याचं बघा."

मग लहानीला मुलगी झाली. तिचंही चांगलं नाव ठेवलं होतं. बापानं पहिल्या आठवड्यातच त्याचं ठमी करून टाकलं. ठमी वर्षाची झाली की सासूबाई राहायला येणार, तिला सांभाळणार आणि लहानी टेबलावर परत जाणार, असं मालकांशी ठरलं होतं. तोवर जुळवणीचे गठ्ठे टेम्पोनं घरी. मालक तसे समजूतदार. म्हणाले होते, "शिलाई देत नाही तुला. सुया आणि रांगतं पोर एका घरात नको."

सुया नव्हत्या तरी लहानीला घरात सगळीकडे सुयाच दिसायच्या. फर्म्याचा कोपरा ठमीच्या डोळ्याला लागेल. कागदाचा कपटा घशात जाईल. थप्पी अंगावर पडेल. तिनं चारी बाजूंनी उशा लावून ठमीचं एक कुंपण केलं होतं आणि जेवणाच्या टेबलावर फर्मे मांडले होते. ठमी जागी असली की दर दोन पुस्तकांमागे एकदा तिच्या तोंडात बोट घालून बघायचं, झोपली असली की नाकाखाली बोट धरून बघायचं. नवरा म्हणायचा, "तिला एक दिवस शिंक येईल तुझ्या त्या बोटानं." तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा.

काळजीची लहानीला सवय होती. ती लहानपणापासूनच घाबरट. सवय नव्हती ती समोरच्या रिकाम्या खुर्चीची. कारखान्यात दिवसाला दीडशे पुस्तकं हातावेगळी व्हायची, निम्म्यात मोठी, निम्म्यात ती. घरी एकटीची चाळीस होताना जीव जायचा. हात चालायचा आणि मध्येच थबकायचा. कशासाठी, ते तिला कळायचं नाही. तिनं रेडिओ लावून बघितला. खिडकीकडे तोंड करून बसून बघितलं. एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला समोर बसवलं. तो प्रत्येक फर्मा गाडी लावल्यासारखा पुढे-मागे करून ठेवायचा.

"अगं, बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"काम करताना काय बोलायचं?"

"मग तुम्ही दोघी सहा वर्षं काय करत होतात?"

"काम."

पंधराव्या पुस्तकाला तो उठला. "मी चहा करतो. या खुर्चीत तू दुसरंच कुणीतरी बसवलंयस. मी तिच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतंय मला."

मोठी घरी आली होती ती एकदाच, ठमी महिन्याची असताना. ठमीला हातभर लांब धरून बघितलं, म्हणाली, "माझे हात कागदानं चरचरीत झालेत, हिला टोचतील," आणि दहा मिनिटांत गेली. त्यानंतर फोनसुद्धा नाही. लहानीनं दोन-तीनदा केला, तर मोठी नुसतं "हं", "हो", "ठीक" म्हणायची आणि मध्ये मोठी शांतता. समोर असताना जी शांतता इतकी भरलेली वाटायची, तीच फोनवर अगदी पोकळ. लहानीनं फोन करणं सोडलं. मनात मात्र घर केलं एका गोष्टीनं: टेबलावर आता माझ्या जागी कोण बसत असेल? तिचा हात मोठीच्या हाताला जमला असेल?

ठमीला वर्ष व्हायला पाच आठवडे राहिले होते, तेव्हा मालकांचा फोन आला.

"लहाने, पुस्तकं परत आलीत. ती जाडी कादंबरी. एक्केचाळीस प्रती. सोळा-सोळा पानं गायब आहेत."

लहानीनं ठमीला कडेवर घेतलं. उगाच. ठमी खाली मजेत खेळत होती.

"माझ्या का?" तिनं विचारलं.

"मग कुणाच्या? अर्धी छपाई तुझ्याकडे होती, अर्धी मोठीकडे. आणि मोठीचं म्हणशील तर आमच्या वडिलांच्या वेळेपासून तिच्या हातून एक फर्मा इकडचा तिकडे झालेला नाही." ते जरा थांबले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "टेम्पोनं पाठवतोय. कुठल्या प्रतीत काय नाही, त्याची यादी शुक्रवारपर्यंत दे. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, पण एक तारखेपासून मी त्या जागेवर कायमची बाई घेतोय. पोर लहान आहे, तुझं लक्ष लागत नसणार. मी समजू शकतो."

लहानीला सगळं ऐकू आलं, पण कानात राहिलं एकच: कायमची बाई.

पुस्तकं आली. नवऱ्यानं एक उघडून वाचायला घेतलं आणि हसूच लागला. "शहाण्णव पानावर ही बाई दार उघडते. पुढचं पान एकशे तेरा. तिथे तिला तीन नातवंडं! कोण आलं होतं दारात?" मग बायकोचं तोंड बघून त्यानं पुस्तक हळूच मिटलं.

"सातवा," लहानी म्हणाली. "सातवा फर्मा नाही त्यात."

दुसऱ्या दिवशी ठमी झोपल्यावर ती यादी करायला बसली. एकेक प्रत उघडायची, पानं चाळायची, काय नाही ते लिहायचं. सात. नऊ. सात. अकरा. पाच. सात. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. ती उठली आणि कपाट उघडलं. खालच्या खणात कागदात गुंडाळलेले काही फर्मे होते. गठ्ठे संपले की थोडे फर्मे उरायचे. छापखाना नेहमीच चार जास्त देतो, म्हणून तिनं ते नीट बांधून ठेवले होते. तिनं कागद सोडला. सात, सात, नऊ, अकरा, पाच, सात. तेवीस. एकही दोन नाही, एकही चार नाही. सगळे मोठीचे.

ती तिथेच फरशीवर बसली. कसं झालं असेल ते आता तिला लख्ख दिसत होतं. सहावा ठेवला, ठमी खोकली, मान वळली, ठमी ठीक आहे हे बघितलं, मान पुन्हा टेबलाकडे. आणि हाताला वाटलं, आपला झाला, आता तिचा. मग हात थांबला. तिला तिचा ठेवायला पुरेल एवढा वेळ थांबला. आणि मग आठवा.

म्हणजे दहा महिने तिचा हात रोज दुपारी मोठीची वाट बघत होता आणि तिला पत्ताच नव्हता. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली काहीतरी वेगळंच, लहानपणी शाळेतून न्यायला कुणी उशिरा यायचं तेव्हा वाटायचं तसं.

नाक पुसून ती पुन्हा यादीला बसली. तेवीस प्रती झाल्या, अठरा उरल्या. चोविसावी उघडली. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट... सगळं ठीक. पुढे एकशे बारा. आणि मग एकशे एकोणतीस.

आठवा नव्हता.

लहानीला वाटलं, आपण मोजायला चुकलो. तिनं पुन्हा बघितलं. मग पुढची प्रत. दहावा नव्हता. पुढची. चौथा. पुढची. पुन्हा आठवा. अठराच्या अठरा प्रतींत दोनाच्या पाढ्यातलेच फर्मे गेलेले. लहानीचे. जे तिच्या हातून कधी सुटणं शक्यच नव्हतं, कारण तिचा हात आपले म्हणून तेवढेच तर ठेवत होता. आणि कपाटात तर त्यांतला एकही उरलेला नव्हता.

ही पुस्तकं या घरात जुळलेलीच नव्हती.

ती बराच वेळ समोरच्या खुर्चीकडे बघत बसली. ठमी उठून आपली आपण बडबडायला लागली, तरी लहानीचं बोट आज तिच्या तोंडात गेलं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो उभाच राहिला. "मग लाव फोन मालकांना! अठरा तिच्या आहेत म्हणावं. एकट्या तुझ्यावर का?"

"आणि तिची बिनचूक बावीस वर्षं?"

"आणि तुझी जागा?"

"जागा म्हणजे काय रे," लहानी म्हणाली, "स्टूल आहे का ते? ती समोर नसेल तर मी त्या जागेवर बसून काय करू?"

"उद्या ऊन आहे, ठमीला टोपी घाल," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मालक जेवायला घरी जातात त्या वेळेला, ती ठमीला कडेवर आणि तेवीस फर्मे पिशवीत घेऊन कारखान्यात गेली. शिवणारे मागच्या अंगणात डबे उघडून बसले होते; त्यांचे आवाज येत होते. आत मोठी एकटी होती. सगळे जेवायला गेले तरी हिचं एक पुस्तक राहिलेलंच असायचं. समोरचं स्टूल रिकामं होतं, पण टेबलाच्या त्या बाजूच्या थप्प्या जिथल्या तिथे, लहानीच्या हाताच्या अंतरावर. मोठी त्या घ्यायला प्रत्येक वेळी अर्धी उठत होती. आपल्याकडे सरकवून घेतल्या असत्या तर? पण सरकवल्या नव्हत्या.

लहानी दारातच थांबली. मोठीनं पाच ठेवला, वाकून सहा ठेवला, सात, आठ, नऊ. अंगणात कुणीतरी मोठ्यानं हसलं. मोठीनं मान वळवून खिडकीकडे बघितलं, परत फिरवली. हात हवेत तसाच राहिला. एक श्वासभर. समोरच्या स्टुलाकडे बघतसुद्धा नव्हती ती, नुसती थांबली होती. मग तिनं अकरा ठेवला.

बारा, तेरा, चौदा. ठक, ठक.

ठमी त्या आवाजानं दचकली आणि "आं!" करून ओरडली. मोठीनं वर बघितलं.

"दार लाव," ती म्हणाली, जशी काही लहानी पाणी प्यायला उठून परत आली होती. "कागद उडतात."

लहानीनं दार लावलं. स्टुलावर बसली, ठमीला मांडीत घट्ट धरलं, आणि तो ताजा गठ्ठा आपल्याकडे ओढून मधोमध उघडला. नवव्या फर्म्यावर अकरावा. तिनं नुसतं बोट ठेवलं.

मोठीनं बघितलं. चष्मा काढला, बाहीला पुसला, पुन्हा लावून बघितलं.

"दहा?"

"दहा."

"एकदा होतं कुणाकडूनही."

"अठरा वेळा झालंय, मोठे. तुझ्याकडे फर्मे उरलेत का?"

मोठीनं ओणवं होऊन टेबलाखालचा खण ओढला. आत दोऱ्यानं बांधलेलं पुडकं होतं, वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: 'छापखान्याचे जास्तीचे'. लहानीनं पिशवीतलं आपलं पुडकं काढून शेजारी ठेवलं. त्यावरही तेच लिहिलं होतं. दोघींनी दोरे सोडले. एका पुडक्यात सगळे मोठीचे, दुसऱ्यात सगळे लहानीचे.

मग मोठीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. लहानीला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी काढत, आवाज न करता.

"माझ्या जागी कुणाला बसवलं होतं?" लहानीनं विचारलं.

"तिघींना. पहिली सारखी बोलायची. दुसरी आठवड्यात गेली. तिसरी चांगली होती गं, हातही चांगला होता."

"मग?"

"श्वास फार मोठ्यानं घ्यायची."

आता लहानीलाही हसू आवरेना. हसता हसताच तिनं विचारून टाकलं, "मग एकदा यायचं होतंस. दहा मिनिटं बसलीस आणि गेलीस ती गेलीसच."

मोठी फर्म्यांच्या कडांवरून अंगठा फिरवत राहिली. "तुझ्या घरी आपल्या दोघींच्या मध्ये टेबल नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "हात कुठे ठेवायचे तेच कळेना मला."

दार उघडलं आणि मालक आत आले. ठमीला बघून आधी हसले, मग टेबलावरची दोन पुडकी दिसली. लहानी घरून ठरवून आणलेलं वाक्य तोंडात घोळवत होती: सगळे माझेच आहेत. ती "मालक," म्हणेपर्यंत मोठी बोलून मोकळी झाली.

"अठरा माझे आहेत."

"काय अठरा?"

"चुकलेली पुस्तकं. तेवीस हिची, अठरा माझी. आणि हे एक आत्ताचं. एकोणीस धरा."

मालक खुर्ची शोधायला लागले. "मोठ्या बाई, तुम्ही?"

"मी. तुमच्या वडिलांना वर कळवायचं असेल तर कळवा."

त्यांनी दोन्ही पुडकी हातात घेऊन बघितली. धंद्यातलाच माणूस; आकडे बघितल्यावर त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही. एक पुडकं खाली ठेवलं, दुसरं ठेवलं, दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"म्हणजे ही तिथे तुमच्यासाठी थांबते आणि तुम्ही इथे हिच्यासाठी? आणि मधल्यामध्ये माझी कादंबरी खलास?"

"कायमची बाई बसवलीत तरी तेच होईल," मोठी म्हणाली. "माझा हात तिच्यासाठी थांबणार नाही. हिच्यासाठी थांबेल आणि तिचाही फर्मा चुकवेल."

"मग मी करू काय? पोराला इथे बसवू, कटिंग मशीनशेजारी?"

"नको!" लहानी इतक्या जोरात म्हणाली, की ठमीनं तिच्या तोंडाकडे बघितलं.

मालक कॅलेंडरासमोर जाऊन उभे राहिले. "पाच आठवडे," ते पाठमोरेच म्हणाले. "स्टूल भिंतीला लावून ठेवतो. पण या पाच आठवड्यांत अजून एक प्रत परत आली, कुणाचीही, तर मग मी थांबणार नाही. मला इतर गिऱ्हाइकं आहेत." आणि जाता जाता ठमीच्या टोपीला टिचकी मारून गेले.

मोठी तिला फाटकापर्यंत सोडायला आली. सहा वर्षांत हे कधी झालं नव्हतं. त्या नेहमी एकाच वेळी निघायच्या, सोडायचं कुणी कुणाला. फाटकाशी ती थांबली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "दुपारी किती वाजता बसतेस?"

"दोनला. ही झोपली की. नाही झोपली तरी."

"मीही दोनलाच बसेन. तुझे तू मोठ्यानं म्हणत जा. दोन, चार, सहा. म्हणजे चुकणार नाहीस."

"आणि तुझे?"

"माझे नको म्हणूस. माझे मी म्हणत असेन इकडे. तू फक्त ठेव." तिनं ठमीच्या पावलाला एक बोट लावलं, चरचरीत, आणि चटकन काढून घेतलं. ठमीनं पाय ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ठमी झोपली नव्हती. लहानीनं उशांचं कुंपण तपासलं, ठमीच्या तोंडात बोट घालून बघितलं, तिला एक वाटी आणि चमचा दिला आणि टेबलाशी बसली. विषम थप्प्या तिनं आज पलीकडच्या बाजूला मांडल्या होत्या, खुर्चीसमोर, अर्धं उठावं लागेल इतक्या दूर. डाव्या हातानं तिनं पहिला फर्मा घेतला आणि ठेवला. काही न बोलता.

"दोन," ती म्हणाली. आवाज रिकाम्या खोलीत विचित्रच वाटला.

डावा हात पुढे. शांतता. कुठेतरी पलीकडे, चार गल्ल्या सोडून, कुणीतरी आत्ता "तीन" म्हणत असेल.

"चार."

शांतता.

"सहा."

त्या शांततेत ठमीनं चमचा वाटीवर आपटला. लहानीनं दचकून बघितलं, तर ठमी तिच्याकडेच टक लावून बघत होती, चमचा वर धरून. ती कशासाठी थांबलीय ते लहानीला क्षणभर उमगेना. मान पुन्हा टेबलाकडे वळली, उजवा हात आपोआप आठव्या थप्पीवर गेला. आणि तिथेच तिनं तो अडवला. सातवा. सातवा राहिला होता. तिनं अर्धं उठून तो घेतला, जपून ठेवला, आणि मग मोठ्यानं म्हणाली, "आठ."

वाटी वाजली.

"दहा."

वाटी वाजली. "बारा," आणि पुन्हा वाटी. चौदावा पडल्यावर लहानीनं गठ्ठा उभा धरला. हे कधी तिचं काम नव्हतं. तिच्या हाताला त्याचं वजनसुद्धा नीट पेलत नव्हतं. ठक, ठक. गठ्ठा बाजूला सरकवून तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. पाच आठवडे.

आता पुढचं पुस्तक. पहिला फर्मा मोठीचा असतो. लहानी समोरच्या खुर्चीकडे बघत तिच्या हातापुरती थांबली, आणि मग तिनं डावा हात पुढे केला.